काउंटरवरून: लॅपटॉपची बॅटरी, चार्जर आणि मे महिना

मागच्या अंकात ‘बॅटरीबद्दल विचारा’ एवढीच एक ओळ टाकली होती. पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप मिळून ढीग जमला. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं गरजेपुरती छाटलीत. मी नागपुरात बर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवते, त्यामुळे उत्तरांत आमच्याकडचं ऊन डोकावणारच. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या वाचकांनी थोडं वजा करून वाचावं.

ताई, दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप घेतला. घरी टेबलावरच असतो, चार्जर चोवीस तास लावलेला. बॅटरीवर मी जवळजवळ कधीच चालवत नाही. तरी परवा लाईन गेली तर वीस मिनिटांत बंद! न वापरलेली बॅटरी संपते कशी?
*शिक्षिका, अमरावती*

मॅडम, तुमची बॅटरी वापरून नाही, बसून म्हातारी झाली आहे. माझ्या काउंटरवर अशा बॅटऱ्या फिरतीवरच्या लोकांपेक्षा टेबलावर काम करणाऱ्यांच्याच जास्त येतात.

आत काय होतं ते सांगते. लिथियम-आयन सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. अगदी पहिल्या चार्जिंगलाच ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो. तो थर हवाच, त्याच्याशिवाय सेल टिकणार नाही. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. सेल पूर्ण भरलेला असला की त्याचं व्होल्टेज 4.2 किंवा त्याहून थोडं वर असतं, आणि त्या अवस्थेत हे सगळं जोरात चालतं. त्यात उष्णता मिळाली की विचारूच नका. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक झीज दुपटीच्या आसपास जाते. तुमचा लॅपटॉप दोन वर्षं 100 टक्क्यांवर, अमरावतीच्या उन्हाळ्यात, स्वतःच्याच प्रोसेसरच्या उबेत बसून होता.

‘रात्रभर चार्जर राहिला तर ओव्हरचार्ज होतो’ ही भीती मात्र काढून टाका. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट ॲडॉप्टरवर चालतो. जास्तीचा करंट बॅटरीत कोंबला जात नाही. नुकसान होतं ते काठोकाठ भरून तसंच राहिल्यामुळे.

म्हणून चार्जर काढू नका, वरची मर्यादा लावा. जवळजवळ प्रत्येक कंपनी ही सोय देते आणि जवळजवळ कोणीही ती वापरत नाही. आसुसमध्ये ‘मायआसुस’ ॲप उघडा, बॅटरी हेल्थ चार्जिंग किंवा बॅटरी केअर असा पर्याय दिसेल. लेनोव्होच्या आयडियापॅडला ‘व्हँटेज’मध्ये कॉन्झर्व्हेशन मोड आहे. थिंकपॅडला कितीला सुरू आणि कितीला बंद, हे आकडे स्वतः भरता येतात. डेलमध्ये पॉवर मॅनेजर किंवा माय डेल बघा. एसरला त्यांच्या केअर सेंटरमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायचं बटण आहे. एचपीच्या ऑफिसवाल्या मॉडेल्सना ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, दडलेलं असतं, मशीन सुरू होताना एफ10 दाबून आत जावं लागतं. मॅकबुक तुमची सवय ओळखून आपणच 80वर रेंगाळतं. नवीन लॅपटॉप घरी आणला की स्टिकर काढायच्या आधी हे करा, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि स्टिकर काढत बसतं.

‘80वर थांबवलं तर वेळ कमी मिळेल ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये मोजतात. 42 वॉट-अवरची बॅटरी असेल आणि टायपिंग, ब्राउझिंग एवढंच काम असेल तर लॅपटॉप साधारण दहा वॉट घेतो. म्हणजे पूर्ण भरलेली चार तासांच्या आसपास, 80 टक्क्यांची सव्वातीन तासांच्या वर. टेबलावर बसणाऱ्याला तो पाऊण तास लागतोच कधी? प्रशिक्षणाला बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या रात्री मर्यादा काढा, सकाळी 100 करून निघा. आल्यावर परत लावा.

राहिली तुमची आत्ताची बॅटरी. अडकलेलं लिथियम परत मिळत नाही, कुठल्याही ॲपने मिळत नाही. पण वीस मिनिटं म्हणजे फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला भरपूर वेळ आहे. बॅटरी फुगलेली नसेल तर घाई करू नका.

नवीन लॅपटॉप पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करावा आणि दर महिन्याला एकदा पूर्ण शून्यावर आणावा, नाहीतर बॅटरीची ‘मेमरी’ बनते, असे दुकानदाराने सांगितले. मी ते काटेकोर पाळतो. योग्य आहे का?
*निवृत्त बँक अधिकारी, रत्नागिरी*

काका, दुकानदाराने सांगितलेलं खोटं नाही, शिळं आहे. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना ती खोड होती. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या की तेवढंच देण्याची त्यांना सवय लागायची, म्हणून त्या मुद्दाम रिकाम्या कराव्या लागत. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून ही भानगड राहिली नाही. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते. सल्ला मात्र अजून निकेल-कॅडमियमच्याच काळातला चालू आहे.

उलट शून्यावर नेणं या बॅटरीला जाचतं. 40 वरून 70, 30 वरून 80 असे छोटे छोटे हिस्से तिला मानवतात. सायकलचा, म्हणजे पूर्ण बॅटरी एकदा वापरून होण्याचा, हिशेबही बेरजेने होतो. आज अर्धी वापरली आणि उद्या अर्धी, तर ती मिळून एक सायकल. चार्जर दिवसातून चार वेळा लावला म्हणून चार सायकली होत नाहीत.

एक अपवाद सांगते. 30 टक्के दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद होत असेल, तर टक्के मोजणारं सर्किट भरकटलेलं असू शकतं. तेव्हा एकदा पूर्ण भरून, बंद पडेपर्यंत वापरून, पुन्हा पूर्ण भरा. मोजमाप जाग्यावर येतं. त्याने मोजमाप सुधारतं, बॅटरी नाही. वर्षाकाठी एकदा झालं तरी पुष्कळ.

होस्टेलवर गेमिंग लॅपटॉप आहे. गेम खेळताना चार्जर लावावाच लागतो. बॅटरी वर्षभरात अर्ध्यावर आली. कूलिंग पॅड घेऊ का? मित्र म्हणतो की मधूनमधून कूलरसमोर ठेव.
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जळगाव*

तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे: लॅपटॉप गादीवर असतो.

बहुतेक लॅपटॉपची हवा आत घ्यायची जाळी पोटाशी असते. गादीत ती बुजली की पंखा कोंडलेली गरम हवाच फिरवत राहतो. बॅटरी असते पुढे, तुझे तळहात टेकतात त्याच्या खाली, म्हणजे प्रोसेसरपासून वीतभर अंतरावर. जळगावला मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असतात. तिथून पुढे लॅपटॉप किती तापतो ते हात लावून बघ.

पंखा साफ कधी केलास? तुझ्यासारख्यांच्या लॅपटॉपचं पोट मी रोज उघडते. वरून पंखा बरा दिसतो, पाती थोडी मळलेली असतात इतकंच. पण पंखा काढला की त्याच्या आणि तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या मधे धुळीचा एक करडा थर उभा असतो. कापसाचे तंतू, केस, उदबत्तीची राख, सगळं दाबून घट्ट झालेलं. चिमटीत धरून ओढला की अखंड पट्टी निघते. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो आणि हवा त्या थरावर आपटून परत येत असते. तो थर काढला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली की तेच मशीन वेगळं वागतं. होस्टेलवाल्यांनी हे वर्षातून एकदा करून घ्यावं. वॉरंटी असेल तर कंपनीच्या केंद्रातून.

कूलिंग पॅड घे, नाही घेतलंस तरी चालेल. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं ठेव, पोटाखालून हवा खेळली की बराच फरक पडतो. कूलरसमोर अजिबात नको, तो ओली हवा फेकतो. साधा टेबलफॅन चालेल. आणि मित्राची पुढची युक्ती फ्रिजची असेल, तीही नको. थंड मशीन बाहेर काढलं की आत दव धरतं.

गेमिंगसाठी मर्यादा 60 टक्के लाव. आसुससारख्या काही कंपन्या तो पर्याय देतात. तू खेळतोस चार्जरवरच, मग बॅटरी भरलेली कशाला हवी? आणि कधी कॉलेजात घेऊन जाणार असशील तर पडद्याचा उजेड कमी कर. साध्या कामात सगळ्यात जास्त वीज तोच खातो.

गावात व्होल्टेज सारखं वरखाली होतं. त्यानं बॅटरी जाते का?
*डेअरी चालक, बीड जिल्हा*

दादा, ॲडॉप्टर उलटा करून बघा. इनपुटपुढे 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल. एवढ्या पट्ट्यात वरखाली झालं तर तो सांभाळून घेतो, बॅटरीपर्यंत काही पोचत नाही. घात करतो तो विजांचा कडकडाट आणि लाईन परत येतानाचा झटका. आभाळ गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून काढा, बटण बंद करून भागत नाही. तेवढा वेळ बॅटरीवर चालवा, त्यासाठीच ती आहे.

फोनच्या टाइप-सी चार्जरने लॅपटॉप चार्ज केला तर बॅटरी खराब होते का?
*वाचक, ठाणे*

होत नाही. चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात ठरवतात की किती व्होल्ट द्यायचे. नाही जमलं तर चार्जिंग सुरूच होत नाही. 65 वॉटचा पॉवर डिलिव्हरीवाला (ही बोलणी करू शकणारा) असेल तर बिनधास्त वापरा. 20 वॉटचा असेल तर एक तर लॅपटॉप नाकारेल किंवा मुंगीच्या पावलाने भरेल. पैसे वाचवायचेच असतील तर केबलवर वाचवू नका.

मी औषध कंपनीत फिरतीवर असतो. झाकण बंद करून लॅपटॉप बॅगेत टाकतो. डॉक्टरांसमोर काढला की भाजतो आणि बॅटरी 15 टक्के! बॅगेत असताना कोण वापरतं?
*सोलापूर*

विंडोज वापरतं. नव्या मशीनमध्ये झाकण लावलं की ते पूर्वीसारखं गाढ झोपत नाही, फोनसारखं अर्धवट जागं राहतं. इंटरनेट पकडतं, मेल तपासतं, कधी अपडेटही सुरू करतं. बंद बॅगेत पंख्याला हवा कुठून मिळणार? उष्णता आणि रिकामं होणं, दोन्ही एकाच वेळी.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. झाकण बंद केल्यावर काय करायचं, असा पर्याय डाव्या हाताला आहे. तिथे स्लीपच्या जागी हायबरनेट निवडा, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होईल. यादीत हायबरनेट नसेल तर निदान मोठ्या टप्प्याला निघताना शट डाऊन करा. उघडायला थोडा वेळ जास्त लागेल, डॉक्टर तेवढ्यात एक पेशंट बघतील.

आणि बॅग गाडीत ठेवून जेवायला जात असाल तर ते थांबवा. उन्हात काचा लावलेल्या गाडीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर बोलायलाच नको. बॅग खांद्याला लावून आत न्या.

टचपॅडचं क्लिक होईनासं झालंय. झाकणही एका बाजूने नीट बसत नाही. टचपॅड बदलायला किती खर्च येईल?
*फोटोग्राफर, म्हापसा*

हे वाचत असाल त्या क्षणी चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. तुमच्या टचपॅडला काही झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. खाली बॅटरी फुगली आहे.

खात्री करायची तर मशीन सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर हलकं बोट टेका. पूर्वी स्थिर असलेलं मशीन आता डुलत असेल, पोटाच्या पत्र्याची शिवण कुठे उघडली असेल, तर समजा. आतल्या चपट्या चंदेरी पिशव्यांमध्ये वायू धरतो आणि त्या पुरीसारख्या टम्म होतात. टचपॅड बरोबर त्यांच्या वर असतं, म्हणून ते वर ढकललं जातं. असे लॅपटॉप लोक महिनोन्महिने दाबून दाबून वापरतात आणि बाहेरचा माऊस जोडतात, हे बघून माझ्या पोटात गोळा येतो.

झाकण जोराने दाबू नका. यूट्यूब बघून सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने बॅटरी उचकटू नका, त्या पिशवीला भोक पडलं तर आग लागते आणि धूर विषारी असतो. नेईपर्यंत लॅपटॉप फरशीवर ठेवा, कपड्यांच्या कपाटात किंवा पलंगाखाली नको. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून सेवा केंद्राला ‘ही तुम्हीच ठेवा’ असं स्वच्छ सांगा, किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. फोटोंचा बॅकअप नसेल तर बॅटरी काढल्यावर घ्या. बरेचसे लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या ॲडॉप्टरवर चालतात.

कंपनीची बॅटरी 6,200 रुपये सांगतात, बाहेर 1,900 ला मिळते. बाहेरची घ्यावी का? आणि मुळात बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?
*अनुवादक, पुणे*

आधी दुसरं. विंडोज असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, काळी खिडकी उघडेल. तिथे ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द टाइप करा: पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी. एक जागा सोडा, मग पुढे कललेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून इंग्रजीत बॅटरीरिपोर्ट, एकच शब्द. एंटर दाबलं की अहवाल कुठे ठेवला ते स्क्रीनवर दिसेल. त्यात दोन आकडे बघायचे: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला 42,000 आहे आणि दुसरा 25,200, तर तुमची बॅटरी 60 टक्के उरली. त्याखाली सायकल काउंट असतो, काही मशीन तो देत नाहीत. मॅकमध्ये हेच सिस्टिम रिपोर्टच्या पॉवर भागात सापडतं. अलीकडच्या मॅकबुकसाठी ॲपल 1,000 सायकली धरतं, साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या साधारण 300 ते 500 मध्ये 80 टक्क्यांवर येतात.

पण टक्के बघून बॅटरी बदलू नका, काम अडतं का ते बघा. तुम्ही घरून अनुवाद करता, इन्व्हर्टर आहे, मग 55 टक्क्यांची बॅटरीही खूप दिवस काढेल. फुगली असेल तर मात्र आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी काढायची.

आता किंमत. बाहेरच्या सगळ्याच वाईट नसतात, पण 1,900 मध्ये मिळणारी कुठली ते तपासायला हवं. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक बघा, लॅपटॉपवरचा नव्हे. एकाच लॅपटॉपला दोन वेगळ्या बॅटऱ्या येऊ शकतात. व्होल्ट आणि वॉट-अवर जुळले पाहिजेत. लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणी चिन्ह, आयएस 16046 आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. लॅपटॉपच्या बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. उत्पादनाची तारीख जुनी असेल तर परत करा, कारण गोदामात पडूनही ती म्हातारी होतच होती. बसवल्याबरोबर दुकानातच तो अहवाल काढा. सायकल काउंट शून्याच्या आसपास हवा, दोन्ही कपॅसिटी जवळजवळ सारख्या हव्यात. दुकानदाराने ‘ते नंतर बघा’ म्हटलं की पैसे खिशात ठेवून उठा.

मुलीकडे अमेरिकेला पाच महिने जाणार आहोत. एक लॅपटॉप घरीच राहील, एक नेणार. दोघांची काय काळजी घेऊ?
*गृहिणी, नाशिक*

घरी राहील तो 50 टक्क्यांवर आणून शट डाऊन करा. 100 करून ठेवला तर पाच महिने भरलेला बसेल, आणि रिकामा ठेवला तर उरलासुरला चार्ज आपोआप झिरपून सेल इतका खाली जाईल की आतलं सर्किट पुन्हा चार्जिंग घ्यायलाच तयार होणार नाही. ठेवायची जागा म्हणजे घरातलं सगळ्यात थंड कपाट. माळा नको, गच्चीखालची भिंत नको. चार्जर लावून ठेवू नका. शेजारी किल्ली देणार असाल तर त्यांना दोन-अडीच महिन्यांनी एकदा सुरू करून बघायला सांगा, 30 च्या खाली गेला असेल तर 50 करून बंद करायचा, एवढंच.

नेणार तो हातातल्या बॅगेतच घ्या. 100 वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, आणि घरगुती लॅपटॉप त्याच्या आतच असतात. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ती केबिनमध्येच न्यावी लागते. तिकडे 120 व्होल्ट आहेत, ॲडॉप्टरला त्याचं काही नाही. फक्त पिन वेगळी लागते. ती इथूनच घ्या, विमानतळावर दुप्पट पडेल.